खेळांची सूची आणि तिचे निकष

सार्वजनिक ग्रंथालयाच्या संदर्भविभागात ज्याने काही काळ काम केले आहे त्याला हे अनुभवाने कळते की, वाचक जो प्रश्न घेऊन येतो तो पुष्कळदा पुस्तकातून उद्भवलेला नसतो. कारखान्यातून, घरातून अथवा कचेरीतून तो त्याच्या पाठीस लागलेला असतो. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि पुढील काळात भोसरी, चिंचवड व आकुर्डी यांच्या शिवारांत एकामागून एक यंत्रशाळा उभ्या राहिल्या. त्या पिढीतील कामगार आमच्या टेबलापाशी येई तो भविष्यनिर्वाह निधीचे नियम, शिकाऊ उमेदवारीचा कायदा किंवा लेथवरील आट्यांची कोष्टके विचारण्यासाठी. कांद्याच्या बाजारपेठेसाठी व संग्रामदुर्गासाठी पूर्वापार ठाऊक असलेले चाकण मोटारींचे केंद्र झाले, महाळुंगे, निघोजे, खराबवाडी या गावांतून एकेका खोलीत पाच-सहा जण राहू लागले, आणि मग प्रश्नांचे स्वरूपही पालटले.

मुलगा पहाटेपर्यंत ज्या खेळात गुंतलेला असतो तो खेळ कोणता, त्यात पैसे लागतात काय, आणि सरकारने त्यावर बंदी घातली होती असे ऐकतो ते खरे काय, हे विचारावयास वडील येऊ लागले. कंत्राटी कामगारांच्या फुरसतीचा अभ्यास करणारी समाजकार्याची एक विद्यार्थिनी आली. फसवणुकीच्या तक्रारीत खेळाचे नाव नेमके कसे लिहावे हे पाहण्यासाठी एक वकील आले. या सर्वांना एकाच जागी उत्तर मिळावे अशी एकही मराठी फेरिस्त उपलब्ध नव्हती. म्हणून आमच्या ग्रंथालयाच्या समितीने ठराव केला की, जालावर अनेकांनी मिळून खेळावयाच्या खेळांची एक संदर्भसूची विभागात ठेवावी, तीत खेळाचे नाव, कर्ता, प्रकाशक, आरंभाचे वर्ष, सद्यःस्थिती व कायदेशीर शेरा असे रकाने असावेत, आणि ती सिद्ध करण्याचे काम माझ्याकडे द्यावे. साहाय्यास दोघे लाभले: भोसरीच्या एका टूलरूममधून गुणवत्ता तपासनीस म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ, आणि चाकणला दुसऱ्या पाळीत काम करणारा एक तरुण, ज्याला या खेळांचे ज्ञान हाताच्या बोटांनी झालेले होते.

नावे गोळा करणे सोपे होते. विभागाच्या दाराशी पेटी ठेवताच तीत चिठ्ठ्या पडू लागल्या, आणि बहुतेक चिठ्ठ्यांत एकच आग्रह असे की, आपण खेळतो तो खेळ सूचीत आलाच पाहिजे. दुसऱ्या बाजूस या विषयावरील इंग्रजी ग्रंथ व नियतकालिके होती, आणि त्यांतील नावांची चिठ्ठ्यांतील नावांशी जवळजवळ ओळखच नव्हती. ग्रंथांत १९७८ साली एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ व रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी रचलेला, केवळ शब्दांत चालणारा ‘मड’ होता. १९९७ चा ‘अल्टिमा ऑनलाइन’, १९९९ चा ‘एव्हरक्वेस्ट’ आणि २००४ चा ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ यांवर प्रकरणेच्या प्रकरणे होती. चिठ्ठ्यांत होते ते बीजीएमआय, फ्री फायर, लूडो किंग, एट बॉल पूल आणि रमी. केवळ ग्रंथांवर विसंबलो असतो तर सूची विद्वत्तापूर्ण झाली असती, परंतु आमच्या वाचकाला तीत आपल्या घरातील खेळ सापडला नसता. केवळ चिठ्ठ्यांवर विसंबलो असतो तर या खेळांना काही पूर्वेतिहास आहे याचा मागमूसही तीत राहिला नसता.

या भिन्नतेचे कारण आमच्या तरुण सहकाऱ्याने थोडक्यात सांगितले. ग्रंथांतील खेळांना संगणक लागे, पुष्कळांना मासिक वर्गणी लागे आणि सलग कित्येक तासांची निवांत बैठक लागे. चाकणच्या खोलीत यांतील एकही गोष्ट नव्हती. २०१६ च्या सप्टेंबरात जिओची सेवा सुरू होऊन मोबाइलवरील डेटा एकाएकी स्वस्त झाला, आणि जेवणाच्या सुटीत किंवा कंपनीच्या बसमध्ये पुरा होईल असा अर्ध्या तासाच्या आतला डाव खेळणे कामगाराच्या आवाक्यात आले. कोणता खेळ कोठे रुजतो हे ठरविण्यात खेळाच्या गुणांइतकाच पाळीच्या वेळापत्रकाचा वाटा असतो, ही गोष्ट त्या दिवसापासून माझ्या मनात ठसली.

मग निवड करावयाची कशी? येथे निवृत्त तपासनिसांनी जे सांगितले त्यावर पुढील सर्व काम उभे राहिले. यंत्रशाळेत भोक तपासण्याचे एक साधन असते, त्यास कामगार ‘गो नो-गो गेज’ म्हणतात; त्याचे एक टोक भोकात गेलेच पाहिजे आणि दुसरे टोक जाताच कामा नये, इतकाच त्याचा कायदा. तो भाग कोणी बनविला, किती कष्टाने बनविला, बनविणाऱ्याची नोकरी कायम आहे की कंत्राटी, याची गेज चौकशी करीत नाही. “बाई, आधी ड्रॉइंग ठरवा, मग गेज,” ते म्हणाले, “माल बघून गेज बनवला तर सगळाच माल पास होतो.” तपासणीच्या टेबलाशेजारी हिरवी, लाल व पिवळी अशा तीन पेट्या असतात आणि ज्याविषयी तत्काळ निर्णय होत नाही तो माल पिवळ्या पेटीत थांबतो, हेही त्यांनीच सुचविले. तदनुसार आम्ही नावे बाजूस ठेविली आणि आधी निकषांचा मसुदा लिहिला.

पहिला निकष खेळाच्या स्वरूपाचा. भिन्न ठिकाणी असलेले दोन किंवा अधिक खेळाडू जालाद्वारे एकाच डावात अथवा एकाच जगात असले पाहिजेत, आणि एकाच्या कृतीने दुसऱ्याची स्थिती पालटली पाहिजे. या कलमाने पुष्कळ नावे आपोआप बाजूस पडली. ‘कँडी क्रश सागा’ लाखो लोक खेळतात आणि एकमेकांचे गुण पाहतात, पण शेजाऱ्याच्या चालीने आपल्या पटावरील एकही सोंगटी हलत नाही. सबब तो सूचीबाहेर. ‘लूडो किंग’विषयी मात्र बराच वाद झाला. आजीच्या घरी सारीपाटासारखा मांडला जाणारा हा खेळ ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या पंक्तीस कसा बसवावा, असा आक्षेप समितीच्या एका सभासदांनी घेतला. परंतु २०१६ साली नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीने काढलेला हा खेळ २०२० च्या टाळेबंदीत गावी अडकलेला भाऊ आणि चिंचवडात अडकलेली बहीण एका पटावर आणीत होता, आणि एकाने सोंगटी मारली की दुसऱ्याची घरी परतत होती. निकषाच्या शब्दांत तो पूर्णपणे बसत होता. खेळ साधा आहे म्हणून त्यास नोंद नाकारण्याचा अखत्यार आम्हांस नव्हता.

तथापि त्या सभासदांच्या आक्षेपात एक सत्यांश होता, आणि त्यामुळे सूचीचे दोन विभाग झाले. ‘अल्टिमा ऑनलाइन’मध्ये खेळाडूने बांधलेले घर तो झोपी गेला तरी उभे राहते आणि त्याच्या अनुपस्थितीतही ते जग चालू असते, तर बीजीएमआयमध्ये शंभरपर्यंत खेळाडू विमानातून बेटावर उतरतात, डाव संपतो, आणि पुढील डावास तेच बेट पुन्हा कोरे होऊन सामोरे येते. पहिल्या प्रकारास आम्ही ‘अखंड जगाचे खेळ’ म्हटले, दुसऱ्यास ‘डावाचे खेळ’. फुरसतीचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थिनीस हाच भेद सर्वाधिक उपयोगी पडला, कारण खेळ माणसाकडून कोणत्या प्रकारचा वेळ मागतो हे त्यावरून समजते.

दुसरा निकष पुराव्याचा, आणि तोच मला सर्वांत जड गेला. खेळ अस्तित्वात आहे याची खातरजमा कर्त्याच्या जाहिरातीखेरीज अन्य स्वतंत्र दाखल्याने झाली पाहिजे. तो दाखला वृत्तपत्रातील असो, अभ्यासग्रंथातील असो, राजपत्रातील असो किंवा न्यायालयाच्या निकालातील असो. पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीचा ‘इंडस बॅटल रॉयल’ १६ ऑक्टोबर २०२४ रोजी आला तेव्हा वृत्तपत्रांनी त्याची दखल घेतली होती. त्याची नोंद करताना क्षणभरही अडचण पडली नाही. परंतु त्याच सुमारास या परिसरातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे चार विद्यार्थी आपला स्वतः रचलेला खेळ घेऊन आले. सह्याद्रीतील किल्ल्यांवर बेतलेला तो खेळ त्यांनी मोठ्या चिकाटीने बनविला होता, वसतिगृहातील मित्र तो रात्री खेळत होते, आणि सूचीत नाव आले तर बाहेरचे लोक तो पाहतील अशी त्यांची सरळ अपेक्षा होती. “मॅडम, तुम्ही स्वतः खेळून बघा ना,” असे त्यांच्यातील एक मुलगी म्हणाली. मी खेळून पाहिला, तो मला मनापासून आवडला, आणि तरीही नोंद करता आली नाही.

त्या मुलांना मी जे सांगितले ते येथे लिहून ठेवते, कारण अशा प्रसंगी सूचीकर्त्याची खरी कसोटी लागते. संदर्भसूची प्रसिद्धी मिळवून देण्यासाठी नसते. जगाने ज्याची दखल घेतली आहे त्याची ती नोंद घेते. आज तुमच्या खेळावर माझी आवड हाच एकमेव दाखला आहे, आणि माझ्या आवडीवर एक नोंद उभी राहिली तर उद्या कोणाच्याही आवडीवर दुसरी उभी करावी लागेल. मग वाचकाने विश्वास ठेवावा तो कशावर? खेळाचे नाव, तारीख व कर्त्यांची माहिती आम्ही पिवळ्या पेटीत, म्हणजे थांबलेल्या नोंदींच्या वहीत, उतरवून घेतली आणि स्वतंत्र दाखला मिळताच ती नोंद पुन्हा विचारात घेऊ असा शेरा तिच्यापुढे लिहिला. मुले खट्टू झाली हे मला दिसले. परंतु तोच नियम एका मोठ्या कंपनीच्या, ज्यामागे जाहिरातीवाचून काहीही नव्हते अशा खेळालाही आम्ही लावला होता, आणि ती वही मी त्यांना उघडून दाखविली.

पुढील प्रश्न एका नोंदीचा की दोन नोंदींचा. २०१८ साली आलेल्या पबजी मोबाइलवर केंद्र सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी, अन्य ११७ ॲपसह, बंदी घातली. २ जुलै २०२१ रोजी क्राफ्टन या कोरियन कंपनीने तोच खेळ भारतापुरता बीजीएमआय या नावाने आणला. २८ जुलै २०२२ रोजी तोही ॲपच्या दुकानांतून काढला गेला आणि २०२३ च्या मेमध्ये परत आला. आमचा तरुण सहकारी म्हणे की खेळणाऱ्याच्या दृष्टीने हा एकच खेळ आहे, जुना आयडीदेखील नव्यात नेता येत होता. तपासनीस म्हणत की ड्रॉइंगचा क्रमांक बदलला म्हणजे भाग निराळा. आम्ही वाचकाचा प्रश्न डोळ्यांपुढे आणला: जो वडील किंवा वकील येथे येतो त्याला विशिष्ट दिवशी विशिष्ट खेळ कायदेशीर होता की नाही हे हवे असते. ज्यांचे प्रकाशक भिन्न, नियम भिन्न व कायदेशीर स्थिती भिन्न, त्यांना भिन्न नोंदी द्याव्यात आणि परस्परांचा हवाला द्यावा, असे ठरले. फ्री फायर व फ्री फायर मॅक्स यांना हेच कलम लागले, कारण २०२२ च्या फेब्रुवारीतील बंदीच्या यादीत पहिल्याचे नाव होते आणि अँड्रॉइडवर दुसरा चालूच राहिला.

जे खेळ बंद पडले त्यांचे काय करावे, याविषयी माझ्या मनात प्रथमपासून संदेह नव्हता. द. चिं. मुजुमदार यांनी बडोद्याहून १९३६ पासून व्यायाम ज्ञानकोशाचे खंड संपादिले, ते ज्याने चाळले आहेत त्याला ठाऊक आहे की, मैदानांवरून मागे पडत चाललेल्या खेळांचेही तपशील अशा ग्रंथांमुळेच पुढील पिढीस मिळतात. खोखोचे नियम १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने बांधले आणि हुतूतूचे १९२३ साली बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने छापले; त्या नियमबंधनापूर्वी गावोगाव हे खेळ ज्या निरनिराळ्या रीतींनी चालत, त्यांतील जेवढे कोणी लिहून ठेवले तेवढेच आज हाती आहे. जालावरील खेळांची अवस्था याहून नाजूक, कारण खोखोला मैदान व मुले असली की पुरे, परंतु यांचा सर्व्हर बंद झाला की लाखो लोकांचे खेळणे एका रात्रीत संपते आणि मागे खेळण्यासारखे काहीच उरत नाही. ‘सिटी ऑफ हीरोज’ ३० नोव्हेंबर २०१२ रोजी असाच बंद झाला. त्याच्या चाहत्यांनी तो खासगी रीत्या जिवंत ठेविला आणि २०२४ च्या जानेवारीत मालक कंपनीने त्यांतील एका गटास रीतसर परवाना दिला. बंद पडताच त्याची नोंद ज्यांनी खोडली असेल त्यांना ती पुन्हा लिहावी लागली असेल. आमच्या सूचीत ‘सद्यःस्थिती’ हा एकच रकाना बदलावा लागला.

सर्वांत कठीण प्रश्न पैशांच्या खेळांचा. चाकणच्या एका कामगाराने कर्ज काढून पगारासह सर्व रक्कम अशा एका खेळात घालविली होती. त्याचा थोरला भाऊ आमच्याकडे आला तो खेळाचे अचूक नाव व कंपनीचे नाव शोधण्यासाठी, कारण तक्रारअर्जात काय लिहावे हेच त्यास समजत नव्हते. त्यापुढील आठवड्यात पालकांच्या एका गटाने लेखी मागणी केली की, असे खेळ सूचीतून समूळ वगळावेत, कारण नाव छापणे म्हणजे वाट दाखविणे. त्यांची चिंता मी पूर्ण मानते; माझ्या स्वतःच्या कुटुंबातही वाढत्या वयाची मुले आहेत. तरीही मी त्या भावाला विसरू शकले नाही. नाव वगळल्याने खेळ फोनमधून जात नाही, परंतु ज्याला त्याविरुद्ध दाद मागावयाची आहे त्याच्या हातातील कागद मात्र जातो.

या वादात कायद्यानेच शेवटी मोठे साह्य केले. मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा; फोनवरील डावाची कल्पनाही त्याच्या कर्त्यांना नव्हती. संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये जालावरील खेळांविषयी जो अधिनियम संमत केला, आणि ज्यास २२ ऑगस्ट रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली, त्याने ई-क्रीडा, सामाजिक खेळ व पैशांचे खेळ असे तीन वर्ग पाडले. पहिल्या दोहोंस उत्तेजन देण्याचे धोरण स्वीकारले, तिसऱ्यास मनाई केली, आणि शिक्षेचा रोख खेळणाऱ्यावर न ठेवता तो खेळ पुरविणाऱ्यावर व त्याची जाहिरात करणाऱ्यावर ठेवला. आम्ही पैशांच्या खेळांची स्वतंत्र पुरवणी केली. तीत खेळाचे नाव, कंपनी, काळ व मनाईचा दाखला आहे. खेळ कसा मिळवावा, कसा खेळावा, यांविषयी एक अक्षरही नाही. पालकांच्या त्या गटास ही पुरवणी मी समोर बसवून वाचून दाखविली, आणि त्यांनी मागणी मागे घेतली नाही तरी पुरवणीच्या प्रारंभी तक्रार कोठे करावी याचा मजकूर घालावा अशी जी सूचना केली, ती आम्ही तत्काळ मान्य केली.

आज ही सूची विभागात आहे, वाचक ती उघडतात, आणि चिठ्ठ्यांची पेटीही दाराशी आहे. या कामातून माझे एक मत पक्के झाले आहे, ते स्पष्ट शब्दांत नमूद करते. सूचीत नाव येणे ही शिफारस नव्हे आणि न येणे ही निंदा नव्हे. सूचीकर्त्याची आवड, खेळाची लोकप्रियता आणि समाजाची नापसंती या तिन्ही गोष्टी शेऱ्याच्या रकान्यात येऊ शकतात, निकषात मात्र येऊ शकत नाहीत. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड ज्या भाषेत सिद्ध केले, त्या भाषेच्या वाचकाला आपल्या काळातील खेळांचीही विश्वसनीय नोंद आपल्याच भाषेत मिळण्याचा हक्क आहे. इतर शहरांतील ग्रंथालयांनी, शाळांनी व कामगार संघटनांनी अशा सूची अवश्य कराव्यात; मात्र नावे लिहिण्यापूर्वी निकष लिहावेत, ते पहिल्या पानावर तारखेसह छापावेत, नाकारलेल्या व थांबलेल्या नोंदींची वही कोणासही पाहण्यास खुली ठेवावी, आणि दाखला घेऊन येणाऱ्या प्रत्येकाचे, मग तो अभ्यासक असो की रात्रपाळी संपवून आलेला कामगार, म्हणणे सारख्याच आस्थेने नोंदवून घ्यावे.